रक्तात साखर भरपूर, मग पांढऱ्या पेशी कमजोर का पडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबा देवगडजवळ गावी असतात, साठीच्या पुढचे, मधुमेह बरीच वर्षं. मे महिन्यात ओहोटीला खडकावर कालवं काढताना शिंपल्याने तळपाय कापला. ती जखम तशीच घेऊन ते पुढे लावणीला चिखलात उतरले. आता जखम भरत नाही आणि मध्ये ताप येऊन गेला. डॉक्टर म्हणाले, साखर वाढलेली आहे म्हणून प्रतिकारशक्ती कमी पडते. तुम्ही मात्र वाचलंत की पांढऱ्या पेशी साखरेवरच चालतात. मग रक्तात साखर इतकी जास्त असताना त्यांना उलट जोर यायला हवा ना? शिवाय तापात जेवण बंद ठेवावं का, आणि प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर मुंबईहून पाठवू का, हेही विचारलंत.

मी याच किनाऱ्यावर फिजिशियन म्हणून काम करतो. पावसाळ्यात माझ्या ओपीडीत बाबांसारखे पाय रोज येतात. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

तुमची शंका रास्त आहे आणि डॉक्टरांचं म्हणणंही बरोबर आहे. पांढऱ्या पेशीला साखर किती मिळते, याने फारसं ठरत नाही. आत गेलेल्या साखरेचं ती काय करते, कुठल्या वाटेने जाळते, यावर ती जंतू मारणार, सूज वाढवणार, थांबणार की जखम दुरुस्त करणार हे ठरतं. पूर्वी आम्हाला शिकवलं गेलं ते असं, की पेशीला बाहेरून संदेश येतो, ती काम करते आणि त्या कामाला लागणारी ऊर्जा मागाहून पुरवली जाते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत दिसलं ते वेगळं आहे. ऊर्जा तयार करण्याची रीत हाच त्या संदेशाचा एक भाग असतो.

आधी आकडे पाहू. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साधारण ४ ते ५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे चहाचा एक चमचा. बाबांची साखर ३०० असते तेव्हा ती १५ ग्रॅमच्या आसपास जाते. दोन चमचे साखर जास्त झाल्याने इतका अनर्थ व्हावा हे पटत नाही, पण शरीर एवढ्याशा फरकावरच चालतं.

पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला मुख्य दोन वाटा असतात. पहिली ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोज झटपट पण अर्धवट फोडणं. यात ऑक्सिजन लागत नाही, ग्लुकोजच्या एका रेणूमागे निव्वळ २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात आणि लॅक्टेट बाहेर पडतं. दुसरी वाट मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांतून, जाते. तिला ऑक्सिजन लागतो, पण त्याच एका रेणूतून साधारण ३० एटीपी निघतात. न्हाणीच्या चुलीत माडाची चुडतं घातली तर भडका लगेच उठतो, पण दर दोन मिनिटांनी नवं चुडत सरकवावं लागतं. जाड ओंडका उशिरा पेटतो आणि तासभर धग देतो. पांढऱ्या पेशी दोन्ही प्रकारे जाळतात, आणि कुठली पेशी कधी काय जाळते त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

ऑक्सिजन हाताशी असूनही ग्लायकोलिसिसवर भर द्यायचा, हा प्रकार ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात कर्करोगाच्या ऊतींमध्ये पाहिला. तो वाया घालवण्याचा प्रकार वाटतो खरा. पण ज्या पेशीला तासातासाला वाढायचं किंवा लढायचं आहे तिला वेग हवा असतो, आणि नवी पेशी बांधायला लागणारा कच्चा मालही हवा असतो. ग्लायकोलिसिसच्या मधल्या टप्प्यांतून फुटणाऱ्या उपवाटा नेमका तोच माल पुरवतात.

बाबांच्या पायात सर्वांत आधी धावून गेल्या त्या न्यूट्रोफिल पेशी. आपल्या पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून जास्त याच असतात. अस्थिमज्जा रोज साधारण दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते आणि त्यांचं आयुष्य तासांत, फार तर थोड्या दिवसांत मोजायचं. त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया फार कमी असतात, त्यामुळे त्या बहुतांशी ग्लायकोलिसिसवरच चालतात. याला कारण आहे. पू भरलेल्या, सुजलेल्या जागी ऑक्सिजन कमी असतो आणि तिथे जाऊनही त्यांना चालतं राहायचं असतं.

पण जंतू गिळल्यावर त्याला मारायची वेळ आली की हीच पेशी भसाभस ऑक्सिजन ओढते. १९३३ मध्येच हे नोंदवलं गेलं होतं. तेव्हा वाटलं, पेशीला जास्त ऊर्जा हवी असेल म्हणून ती जास्त श्वास घेते. पुढे १९५९ च्या सुमारास कळलं की मायटोकॉन्ड्रियाचा श्वास विषाने बंद पाडला तरी हे ऑक्सिजन ओढणं चालूच राहतं. म्हणजे तो ऑक्सिजन ऊर्जेसाठी नसतोच. पेशी त्यापासून सुपरऑक्साइड आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जंतुनाशकं जागच्या जागी तयार करते. हे करणाऱ्या एन्झाइमचं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचं, नाव एनएडीपीएच ऑक्सिडेज. ज्या मुलांमध्ये हे एन्झाइम जन्मतः काम करत नाही, त्यांच्या पांढऱ्या पेशी संख्येने भरपूर असतात, जंतू गिळतातही, पण मारू शकत नाहीत. या मुलांना वारंवार गळवं, न्यूमोनिया, यकृतात पू असे संसर्ग होत राहतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एन्झाइमच्या नावातच आहे. जंतू मारायला एनएडीपीएच नावाचा रेणू लागतो, आणि न्यूट्रोफिलमध्ये तो मुख्यतः ग्लुकोजच्याच एका उपवाटेवर तयार होतो. म्हणजे तुम्ही वाचलंत ते खरं आहे, साखर लागतेच. आता रक्तातली साखर खूप वाढली की काय होतं ते पाहा. स्नायूंच्या पेशी साखर आत घ्यायला इन्शुलिनवर अवलंबून असतात, न्यूट्रोफिलचं तसं नाही. बाहेर वाढली की आतही वाढते. जादा साखर मग एका वेगळ्याच आडवाटेला लागते, जिथे आल्डोज रिडक्टेज हे एन्झाइम तिचं सॉर्बिटॉल करतं. आणि हे करायला ते तोच एनएडीपीएच खर्च करतं. जंतू मारायला ठेवलेला आणि पेशीला स्वतःच्या रसायनांपासून वाचवणारा माल साखरेची विल्हेवाट लावण्यातच संपतो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींची संख्या चांगली दिसते, कधीकधी वाढलेलीही. पण त्यांची जखमेपर्यंत पोचण्याची, गिळण्याची आणि मारण्याची ताकद कमी झालेली असते. म्हणून "काउंट तर चांगला आहे" एवढ्यावर समाधान मानू नका.

हे एकच कारण नाही. न्यूट्रोफिलकडे आणखी एक अस्त्र असतं. ती मरतामरता स्वतःचा डीएनए बाहेर फेकून त्याचं चिकट जाळं करते आणि त्यात जंतू अडकवते. ही गोष्ट २००४ मध्ये बर्लिनच्या प्रयोगशाळेने दाखवली. जास्त साखरेत वाढलेल्या न्यूट्रोफिल असं जाळं टाकायला उतावीळ असतात, कारण नसतानाही टाकतात, आणि ते जाळंच मग जखम भरण्याच्या आड येतं. २०१५ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी मधुमेही रुग्णांच्या न्यूट्रोफिलमध्ये हा उतावीळपणा दाखवला. उंदरांमध्ये जाळं तयार करणारं एन्झाइम काढून टाकल्यावर जखमा लवकर भरल्या. म्हणजे जास्त साखरेने पेशी नुसती मंद होत नाही. जिथे मारायचं तिथे ती कमी पडते, आणि जिथे गप्प राहायचं तिथे धिंगाणा घालते. "प्रतिकारशक्ती कमी झाली" या वाक्यात ही दुसरी बाजू हरवून जाते.

ऑक्सिजनबद्दलही इथेच सांगतो. न्यूट्रोफिल ऊर्जेसाठी ऑक्सिजनवर अवलंबून नाही, पण जंतू मारायला तिला ऑक्सिजन हवाच. बाबांच्या पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर साखर कितीही आटोक्यात आणली तरी ते एन्झाइम कच्च्या मालाविना बसून राहील. त्यामुळे पायाची नाडी तपासून घ्या, आणि ती लागत नसेल तर डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करून घ्या. आणि विडी असो वा मिश्री, तंबाखू आजच्या आज बंद करायला सांगा. गावाकडे मिश्रीला कोणी व्यसनात धरतच नाही, पण तिच्यातलं निकोटिन त्याच रक्तवाहिन्या आवळतं.

न्यूट्रोफिलच्या मागोमाग दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि कचरा गिळणाऱ्या मोठ्या पेशी, जखमेत येतात. मला या पेशी सर्वांत महत्त्वाच्या वाटतात, कारण जखम भरणार की चिघळत राहणार हे बरंचसं त्या ठरवतात. सुरुवातीला त्यांचं काम सूज वाढवून जंतू संपवणं हे असतं. तेव्हा त्या जोरात ग्लायकोलिसिस करतात आणि मायटोकॉन्ड्रियातलं क्रेब्ज चक्र, म्हणजे इंधन टप्प्याटप्प्याने जाळणाऱ्या क्रियांचं चक्र, दोन ठिकाणी तुटतं. चक्र तुटल्यावर मधले पदार्थ साचतात. वरवर हा बिघाड वाटतो, पण तो मुद्दाम घडवलेला असतो. साचलेल्या पदार्थांपैकी एक सक्सिनेट. हा क्रेब्ज चक्रातला अगदी साधा रेणू, आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आकृतीत पाठ केलेला. २०१३ मध्ये डब्लिनच्या ल्यूक ओ'नील यांच्या गटाने दाखवलं की साचलेलं सक्सिनेट पेशीला "सूज चालू ठेव" असा निरोप देतं आणि त्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा हे ताप आणि सूज आणणारं प्रथिन वाढतं. त्याच वर्षी आणखी एका गटाने दाखवलं की याच चक्रातून फुटणाऱ्या वाटेवर इटॅकोनेट तयार होतं. ते क्षयाच्या जंतूसारख्या जंतूंचं एक गरजेचं एन्झाइम बंद पाडतं, आणि पुढे सूज आवरायलाही मदत करतं. अन्नातून ऊर्जा काढायची जी रसायनं आम्ही परीक्षेपुरती घोकली, त्यांच्यातच सुरू करण्याचे आणि थांबवण्याचे हुकूम होते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ तेच पान उघडं ठेवून बसलो होतो.

मग जखम साफ झाली की याच मॅक्रोफेजनी वागणूक बदलायची असते. आता त्या मायटोकॉन्ड्रियाकडे वळतात, चरबी जाळू लागतात, मेलेल्या पेशी उचलतात, नव्या रक्तवाहिन्या आणि कोलॅजेन (जखम सांधणारं प्रथिन) यांसाठी संदेश सोडतात. हा बदल कधी करायचा हे त्यांना कसं कळतं? एक सुंदर उत्तर २०१९ मध्ये मिळालं. ग्लायकोलिसिसमधून जे लॅक्टेट साचतं आणि ज्याला आपण टाकाऊ समजत होतो, ते पेशीच्या केंद्रकात जाऊन डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांवर खूण करतं आणि काही तासांनी दुरुस्तीची जनुकं उघडतं. म्हणजे जोराने लढण्यातच पुढे थांबण्याची वेळ मोजली जात असते.

मधुमेहाच्या जखमेत हा बदल अडतो. मॅक्रोफेज सुजेच्या अवस्थेत अडकून राहतात, पुढच्या कामाला लागत नाहीत. बाबांच्या पायाच्या फोटोत तुम्ही जे पाहताय, कडेला लाल, मधे पिवळसर, आठवड्यानंतरही तशीच, ती अशी अडकलेली जखम असते. वाचताना मॅक्रोफेजचे "लढाऊ" आणि "दुरुस्तीवाले" असे दोन कप्पे भेटतील. समजायला ते सोयीचे आहेत, पण खऱ्या जखमेत एकाच वेळी सगळ्या मधल्या छटा असतात.

टी पेशींबद्दल, म्हणजे ठरावीक जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशींबद्दल, थोडक्यात, कारण बाबांच्या पायाशी त्यांचा संबंध कमी आहे. झोपलेली टी पेशी जरुरीपुरतंच जाळते. तिला तिचा जंतू ओळखता आला की ती ग्लुकोज आत घेणारी दारं वाढवते, एमटॉर नावाचं प्रथिन जागं होतं आणि ती वेगाने विभागू लागते. २०१३ मध्ये एरिका पिअर्स यांच्या गटाने एक नवलाची गोष्ट दाखवली. ग्लायकोलिसिसमधलंच जीएपीडीएच हे एन्झाइम रिकामं बसलं की इंटरफेरॉन-गॅमा हे जंतूविरुद्धचं प्रथिन बनवण्याच्या संदेशाला चिकटून बसतं आणि ते प्रथिन तयार होऊ देत नाही. पेशी साखर जाळू लागली की ते एन्झाइम आपल्या कामाला लागतं आणि संदेश मोकळा होतो. म्हणजे जाळायला साखर नसेल तर टी पेशी जंतू ओळखूनही मुख्य हत्यार काढू शकत नाही. लढाई संपल्यावर ज्या थोड्या पेशी आठवण ठेवून उरतात त्या पुन्हा मायटोकॉन्ड्रियाकडे वळतात आणि चरबीवर वर्षानुवर्षं टिकतात.

एमटॉरचं नाव आलं म्हणून सांगतो. हे प्रथिन सापडलं ते रॅपामायसिन या औषधामुळे. ईस्टर बेटावरून १९६४ च्या मोहिमेत आणलेल्या मातीतल्या एका जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने माँट्रियलमध्ये ते वेगळं केलं. कंपनीने काम बंद केलं तेव्हा त्यांनी जिवाणूचे नमुने घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवले. १९९९ मध्ये अमेरिकेत किडनी प्रत्यारोपणानंतर वापरायला त्याला मंजुरी मिळाली. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून टी पेशीची इंधनाची वाटच अडवायची, ही त्यामागची रीत. संधिवातात देतात ते लेफ्लुनोमाइडही मायटोकॉन्ड्रियातलं एक एन्झाइम अडवून फोफावणाऱ्या टी पेशींचा कच्चा माल तोडतं. म्हणजे पेशीचं खाणं बदलून तिचं वागणं बदलायचं, हे आम्ही खुलासा माहीत होण्याआधीपासून करत आलो आहोत.

आता खाण्याकडे येऊ. उपाशी शरीरात चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं, आणि १९९८ मध्ये दिसलं की लेप्टिन कमी झालं की टी पेशीही ढिल्या पडतात. आपल्याकडे याचा सर्वांत ठोस पुरावा क्षयरोगात मिळाला. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिला गेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अशा घरांत नव्या क्षयरोगाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळलं. तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या एवढ्यानेच. दुसऱ्या टोकाला मधुमेह क्षय होण्याचा धोका साधारण तिप्पट करतो. इंधन फार कमी आणि इंधन बेसुमार, दोन्हीकडे पेशी फसते. म्हणून बाबांना खोकला पंधरा दिवसांवर गेला तर बेडका तपासायला टाळाटाळ करू नका.

तापात जेवणाचं काय? जुनी माणसं तापकऱ्याला पेज देतात, आग्रह करत नाहीत. याला आधार आहे. २०१६ मध्ये येल विद्यापीठात रुस्लान मेझितोव्ह यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग केले. लिस्टेरिया या जिवाणूच्या संसर्गात आजारी उंदरांना बळजबरीने ग्लुकोज भरवलं तर ते जास्त मेले. फ्लूच्या विषाणूत उलट झालं, ग्लुकोज अडवलं तेव्हा ते मेले. भूक मंदावणं हा काही आजारांत शरीराचा स्वतःचा उपाय असतो. पण यावरून "जिवाणूला उपाशी ठेवा, विषाणूला खायला घाला" असा नियम करून बाबांवर लावू नका. उंदराचे दोन दिवस आणि साठीच्या मधुमेही माणसाचे दोन आठवडे यांत फार अंतर आहे. शिवाय ताप एक अंश सेल्सियसने वाढला की शरीराचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. पहिले एक-दोन दिवस भूक नसेल तर पेज, वरणाचं पाणी, ताक चालेल, आग्रह नको. भूक परतली की भरपूर प्रथिनं द्या: अंडी, बांगडा, तारली, कुळथाची पिठी, मूग. जखम भरायला कोलॅजेन लागतं आणि ते भातातून येत नाही.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. "ताप आहे, जेवत नाहीत, म्हणून इन्शुलिन बंद केलं" हे वाक्य मी दर पावसाळ्यात ऐकतो. संसर्गात कॉर्टिसॉल आणि अॅड्रेनॅलिन वाढतात आणि न जेवताही साखर चढते. इन्शुलिन स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, डोस डॉक्टरांना विचारून बदलायचा. गोळ्यांचं वेगळं आहे. मेटफॉर्मिन मायटोकॉन्ड्रियाच्या कामावर ब्रेक लावतं. एरवी ते सुरक्षित आहे, पण मोठा संसर्ग होऊन किडनी बिघडली किंवा रक्तदाब पडला तर लॅक्टेट साचण्याचा धोका असतो. ग्लिफ्लोझिन गटातली, म्हणजे लघवीवाटे साखर काढणारी गोळी, खाणं-पिणं बंद असताना साखर फारशी न चढताही रक्तात आम्ल वाढवू शकते. बाबा यांतलं काही घेत असतील तर ताप आल्या दिवशीच फोन करून विचारा, पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका.

पावडर पाठवू नका. प्रतिकारशक्ती सरसकट वाढवणं हे उद्दिष्टच चुकीचं आहे. बाबांच्या जखमेतल्या मॅक्रोफेज आधीच जास्त सुजेत अडकलेल्या आहेत. त्यांना आणखी चेतवायचं नसून पुढच्या कामाला लावायचं आहे. अशा काही पावडरींत साखर किंवा गूळही असतो. तेच पैसे ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवर खर्च करा.

साखर उतरल्याचा फायदा दिसायला तीन महिने थांबावं लागतं असा समज आहे, कारण एचबीए१सी तीन महिन्यांची सरासरी सांगतो. ते मोजमापाचं झालं. न्यूट्रोफिल रोज नव्या येतात. या आठवड्यात साखर आटोक्यात आली तर या आठवड्यात जन्मलेल्या न्यूट्रोफिल बऱ्या वातावरणात काम करतील. इन्शुलिनने साखर आणल्यावर त्यांची गिळण्याची क्षमता काही दिवसांत सुधारते असं दिसलेलं आहे. मज्जेतल्या मूळ पेशी मात्र जुन्या साखरेची आठवण काही काळ धरून ठेवतात, निदान उंदरांमध्ये तसं आढळलं आहे. म्हणून एकदा आणून सोडून द्यायचं नाही. आणि ७० च्या खाली नेण्याचा अट्टहासही करायचा नाही. या वयात साखर एकदम पडणं हा वेगळाच धोका आहे.

बाकी पायाचं. तळपायाच्या जखमेवर वजन पडत राहिलं तर वर सांगितलेलं सगळं वाया जातं. पाय उचलून ठेवायचा, वजन जखमेवर येणार नाही अशी चप्पल किंवा बूट डॉक्टरांकडून करून घ्यायचा. एक्स-रे काढा. त्यात हाडाचा संसर्ग आणि आत राहिलेला शिंपल्याचा तुकडा, दोन्ही पाहायचे आहेत. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का विचारा. आणि जखम समुद्रातल्या शिंपल्याची आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण समुद्राच्या पाण्यातून मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा क्षयाच्या जंतूच्याच कुळातला जंतू शिरू शकतो. त्याची जखम आठवडेच्या आठवडे रेंगाळते आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही.

जखम भरेपर्यंत चिखलात पाय घालायचा नाही, बुटाच्या भरवशावरही नाही. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो हे आता गावोगावी माहीत आहे. मेलिऑइडोसिस मात्र अजून कोणाच्या तोंडी नाही. त्याचा जंतू पश्चिम किनारपट्टीच्या मातीत आणि पाण्यात राहतो, पावसाळ्यात डोकं वर काढतो आणि त्याचे निम्म्याहून जास्त रुग्ण मधुमेही असतात. ज्या न्यूट्रोफिलची एवढी कथा वर सांगितली, त्याच त्याच्यासमोर अपुऱ्या पडतात. तो न्यूमोनिया करतो, यकृतात आणि प्लीहेत गळवं करतो. लॅबमध्ये त्याला कधी दुसराच जंतू समजलं जातं, कधी बाहेरून मिसळलेला म्हणून सोडून दिलं जातं. उपचार वेगळे आणि लांबलचक असतात: आधी निदान दहा ते चौदा दिवस शिरेतून, मग साधारण तीन महिने गोळ्या. म्हणून ताप पुन्हा आला तर त्याच दिवशी बाबांना दवाखान्यात न्यायला सांगा. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी रक्त आणि जखमेतला स्राव कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) जाईल एवढं पाहा, आणि लॅबच्या कागदावर "मधुमेह, भातशेतीत काम, शिंपल्याची जखम" हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.